अकरा पाय आणि एक रिकामी डिस्क

१

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या लॅपटॉपने जाहीर केलं की सासऱ्यांची आठ वर्षांची मेहनत अस्तित्वातच नाही.

भाषा मात्र अगदी सभ्य होती. ही डिस्क रिकामी आहे, हिच्यावर काही लिहायचं आहे का, असा प्रश्न आणि खाली दोन बटणं. मी "नाही" दाबलं, डिस्क काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, परत घातली. परत तेच. तिसऱ्यांदा घातली तेव्हा लॅपटॉप बराच वेळ घुरघुरला आणि शेवटी त्याच सभ्यपणाने म्हणाला, रिकामी आहे.

माझे सासरे कृत्रिम पाय करतात. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही. घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा कारखाना आहे, आणि तिथून गेल्या चाळीस वर्षांत शेकड्यांनी माणसं चालत बाहेर पडली आहेत. दादांनी त्यातल्या निवडक अकरा जणांचं चालणं आपल्या जुन्या कॅमेऱ्याने टिपून ठेवलं होतं. नवा पाय लावल्यावरचा पहिला दिवस आणि मग पंधरावा दिवस. प्रत्येक वेळी ते कॅमेरा हॉलमधल्या मशीनला जोडून ती चित्रं एका डिस्कवर उतरवत आणि कॅमेऱ्यातली तीच टेप पुढच्या माणसासाठी वापरत. म्हणजे त्या चालण्याची जगात एकच प्रत होती आणि ती आत्ता माझ्या हातात रिकामी होऊन बसली होती.

माझी बायको त्यांच्याच हाताखाली शिकलेली. गावातल्या मोठ्या उपचार केंद्रात पाय करणाऱ्या विभागाची मुख्य जागा निघाली होती आणि तिने अर्ज केला होता. तिच्याकडे पदवी नाही. केंद्राने सांगितलं, पदवी नसेल तर काम दाखवा, सोमवारी सकाळी अकरा वाजता. कारखान्याचं काम दाखवणारी होती ती ही एकच डिस्क. मी भूगोल शिकवतो, मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण आदल्या दिवशी एकदा लावून बघावी एवढी अक्कल मला होती. न विचारता दादांच्या कपाटातून ती काढू नये, एवढी मात्र नव्हती.

मी चौथ्यांदा डिस्क पुसत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"जावईबापू, माझं कपाट कोणी उघडलं?"

२

पुढच्या अर्ध्या तासाचं सविस्तर वर्णन मी टाळतो, कारण त्यात माझी शोभा नाही. दादा ओरडत नाहीत. ते हळू बोलतात आणि ते जास्त वाईट असतं. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, डिस्क उजेडात धरली, तिच्यावरचं अक्षर स्वतःचंच आहे हे पाहिलं, तरी त्यांचं ठाम मत पडलं की कोणीतरी डिस्क बदलली तरी किंवा पुसली तरी. "अजून झालीच नव्हती," असंही ते दोनदा पुटपुटले. मला वाटलं, रागात माणूस काहीही बोलतो.

घरात तेव्हा संशय घ्यायला मोजकीच माणसं होती. पहिला मी, रंगेहाथ पकडलेला. दुसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो तयार पाय विकणाऱ्या एका कंपनीत आहे. दादांची पद्धत जुनी झाली, असं तो जेवताना रोज एकदा तरी ऐकवतो. तिसरे टाचणीकाका. ते कारखान्यात चामड्याचे पट्टे शिवतात, तोंडात सतत दोन टाचण्या धरून, त्यामुळे तीस वर्षांत त्यांचं एखादं लांब वाक्य कोणी ऐकलेलं नाही. घरची मुलगीच केंद्रात गेली तर इथे दिवा कोण लावणार, ही काळजी त्यांनी गेल्या महिन्यात मला सुमारे पाच शब्दांत सांगितली होती.

बायकोने डिस्क माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि फोन उचलला. "आत्याला बोलावते," ती म्हणाली.

दादा चरफडले. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, आणि जगात त्यांना गप्प करू शकणारी एकमेव व्यक्ती. एकतीस वर्षं तिने विजेची मीटरं तपासली. घरोघर जायचं, भिंतीवरच्या त्या डबीकडे बघायचं, मग घरमालकाकडे बघायचं आणि दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते ठरवायचं, हा तिचा धंदा होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती कुणाच्याही घरात शिरल्यावर आधी मीटर बघते आणि मग चपला काढते.

चार वाजता ती आली. मीटर बघितलं, चपला काढल्या, सगळं ऐकून घेतलं. मग तिने दोन गोष्टी मागितल्या, टेबलावरचा दिवा आणि त्याच खोक्यातली एक कोरी डिस्क. दोन्ही डिस्क पालथ्या करून तिने दिव्याखाली शेजारी शेजारी धरल्या आणि आम्हाला जवळ बोलावलं.

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय," ती म्हणाली. "ही रिकामी नाही."

३

तिने दाखवलं तेव्हा ते कुणालाही दिसलं असतं. कोरी डिस्क मधल्या भोकापासून कडेपर्यंत एकसारख्या रंगाची होती. दादांची तशी नव्हती. मधल्या भोकापासून सुरू झालेला एक किंचित गडद भाग जवळजवळ कडेपर्यंत आला होता आणि तिथे थांबला होता. कडेला बोटाच्या नखाएवढी पट्टी तेवढी अजून कोऱ्या रंगाची होती.

आत्याचं म्हणणं साधं होतं. जिथे लिहिलं गेलंय तिथे रंग बदललाय. म्हणजे डिस्कवर भरपूर काही आहे, आणि शेवटी थोडी जागा उरली आहे. कोणी बदलून कोरी ठेवली असती तर हा रंग आला नसता. मग तिने खोकं उलटं करून बारीक अक्षरातली ओळ मला वाचायला लावली. एकदाच लिहिता येते, असं तिथे छापलेलं होतं.

"म्हणजे पुसायची म्हटली तरी पुसता येत नाही," आत्या म्हणाली. "जावईबुवा, तुम्ही ते होय बटण दाबलं होतं का?"

मी शपथेवर नाही म्हणालो. तिने माझ्याकडे तसं बघितलं जसं ती घरमालकांकडे बघत असणार, आणि मान डोलावली. एकतीस वर्षांचा अनुभव माझ्या बाजूने लागला म्हणून मला उगाच अभिमान वाटला.

"मीटर बंद दिसलं म्हणून घरात वीज नाही, असं नसतं," ती म्हणाली. "वीज असते. मीटरला ती दिसत नसते. का दिसत नाही ते शोधायचं."

मग तिने डिस्कचं कव्हर हातात घेतलं. आत दादांच्या अक्षरात यादी होती. क्रमांक, माणूस, तारीख. एक, पाववाला. दोन, शाळेतली शिपाईण. तीन, वेल्डर. अशी अकरा नावं, म्हणजे नावं नाहीतच, दादा गिऱ्हाइकांची आठवण त्यांच्या कामावरून ठेवतात. अकरानंतर बारा असा आकडा होता आणि पुढे काही नव्हतं.

"सगळं पेन्सिलीने का लिहिलंय?" आत्याने विचारलं.

बायकोने सांगितलं की ती दादांची जुनी सवय आहे. कारखान्याच्या वहीतही तसंच असतं. पाय तयार झाला की लगेच पक्का करत नाहीत. ज्याचा पाय असतो त्याने तो पंधरा दिवस वापरायचा, कुठे टोचतं, कुठे सैल होतं ते सांगायचं. तोवर वरचं कवच चिकटवायचं नाही आणि वहीत नोंद पेन्सिलीने ठेवायची. पंधराव्या दिवशी नीट चालला की मग ज्याने पाय केला त्यानेच कवच चिकटवायचं आणि दादांनी नोंदीवर शाई फिरवायची. हा कारखान्याचा नियम होता, आणि दादा तो कुणासाठीही मोडत नसत. एकदा एका गिऱ्हाइकाला लग्नाला जायचं होतं, तरी त्याला उघड्या पायानेच पाठवलं होतं.

आत्याने यादी पुन्हा पाहिली, बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि भावाकडे बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होते.

"आता मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "ही डिस्क चालताना आजपर्यंत कोणी कुठे कुठे बघितली आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांनी बघितली होती, पण एकाच ठिकाणी. हॉलमध्ये, ज्या मशीनवर ती तयार झाली त्याच मशीनवर.

"मग आणा ते मशीन," आत्या म्हणाली.

आम्ही हॉलमध्ये गेलो. टीव्हीखालच्या कपाटावर धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. मशीन नव्हतं.

४

मेहुण्याचा चेहरा पडला तो सगळ्यांनी पाहिला.

आत्याने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार अर्धं उघडं ठेवलं, म्हणजे आम्हाला ऐकू यावं. तो आधी म्हणाला, मला काय माहीत. मग म्हणाला, असेल इकडेतिकडे. आत्याने त्याला चहा ठेवायला सांगितला. हातात काम असलं की माणूस खरं बोलतो, असं तिचं निरीक्षण आहे. पाणी उकळेपर्यंत सगळं बाहेर आलं.

शनिवारी नवा टीव्ही आला होता. जुन्या मशीनची वायर नव्या टीव्हीला बसेना. मेहुण्याने ते उचललं आणि मागच्या फाटकाजवळ भंगाराच्या ढिगात ठेवलं, रविवारी सकाळी भंगारवाला येतो म्हणून. सकाळी ढीग गेला. दादांना विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

"मला तिचं वाईट करायचं नव्हतं, आत्या," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर खाली आला होता. "मी रोज बडबडतो ते खरं आहे. पण आमच्या कंपनीचे पाय बिघडले की मी गुपचूप ताईकडेच आणतो दुरुस्तीला. तिच्यासारखी वाटी आमच्याकडे कोणाला बसवता येत नाही."

वाटी म्हणजे पायाचा वरचा पोकळ भाग, ज्यात उरलेला पाय बसतो. सगळी कसोटी तिथेच असते. बायको दाराबाहेर उभी राहून हे ऐकत होती. भावाच्या तोंडून आपलं कौतुक तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं, आणि तेही अशा दिवशी.

आत्याने भंगारवाल्याला फोन लावायला सांगितला. मेहुण्याने लावला, स्पीकरवर. भंगारवाल्याने सकाळचा सगळा माल आठवून सांगितला: दोन पंखे, एक बादली, लोखंडी खाट, रद्दी.

मशीन नव्हतंच, तो म्हणाला. असं मशीन असतं तर मीच घरी नेलं असतं.

५

आता मात्र प्रकरण चोरीचं झालं. शनिवारी संध्याकाळपासून रविवार सकाळपर्यंत कोणीतरी ढिगातून ते मशीन उचललं होतं. मला वाटलं, संपलं सगळं. अकरा वाजायला अठरा तास उरले होते. मी बायकोला म्हणालो, आपण केंद्रात जाऊन खरं काय ते सांगू. ती म्हणाली, काय सांगू, काम केलंय पण दिसत नाही?

आत्या मात्र हॉलमधल्या कपाटापाशी गुडघ्यावर बसली होती. मशीन गेलं होतं, पण त्याची कॅमेऱ्याला जोडायची वायर तिथेच मागे पडली होती, लाल, पांढरी आणि पिवळी टोकं असलेली. तिने ती उचलली. वायरची नीट गुंडाळी केलेली होती आणि मधोमध चामड्याचा एक छोटा पट्टा बांधला होता, बारीक दुहेरी शिलाईचा.

"हा पट्टा कधीचा?" तिने विचारलं.

कुणालाच आठवेना. आत्याने तो नाकाशी नेला. ताज्या चामड्याचा वास येत होता.

"याने मशीन नेलं ते वायर इथेच टाकून," ती मेहुण्याकडे बघून म्हणाली. "त्यानंतर कोणीतरी इथे आलं, ही पसरलेली वायर गोळा केली, तिला नवा पट्टा शिवला आणि परत जागेवर ठेवली. चोर असं करत नाही. ज्याला टाकाऊ मानलेली वस्तू बघवत नाही असा माणूस असं करतो. आणि या घरात अशी शिलाई एकाच माणसाची आहे."

आम्ही सगळे कारखान्यात गेलो. टाचणीकाका नेहमीसारखे कोपऱ्यात बसले होते. आत्याने वायर त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बघितली, तोंडातल्या दोन्ही टाचण्या काढून उशीत खोचल्या. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चालतं मशीन होतं, बाई," ते म्हणाले. "ढिगात, लोखंडाखाली. मी उचललं. विचारायला पाहिजे होतं. पण उचललं म्हटलं तर चोर म्हणतील, आणि परत ठेवलं तर पुन्हा टाकतील. म्हणून गप्प बसलो."

त्यांनी चामड्याच्या थराखालून एक गाठोडं काढलं. मशीन दोन मऊ कातड्यांत गुंडाळलेलं होतं, आणि ते लहान मूल उचलावं तसं त्यांनी उचललं. दादांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांचंही तेवढ्यावर भागलं.

"दुपारपासून एवढा गोंधळ चालू होता, तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"मला डिस्कचं विचारत होते," काका म्हणाले. "मशीनचं कोणी विचारलं नाही."

६

जुना टीव्ही अजून माळ्यावर होता. मेहुण्याने तो एकट्याने खाली आणला, कुणी सांगितलं नसताना. मशीन जोडलं. आत्याने डिस्क स्वतः आत घातली. मशीनने तिला आत ओढलं, क्षणभर थांबलं आणि मग पडद्यावर पाववाला चालायला लागला.

आम्ही सगळे जमिनीवर बसलो आणि अकराच्या अकरा माणसं बघितली. पहिल्या दिवशी भिंत धरून चालणारा वेल्डर पंधराव्या दिवशी दोन्ही हातांत सामान घेऊन येत होता. शाळेतली शिपाईण जिना उतरताना कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. कुठे आवाज नाही, बोलणं नाही, फक्त चालणं. मी ही माणसं पूर्वीही पाहिली होती, पण त्या दिवशी माझी छाती भरून आली, आणि मी काही केलेलं नसताना ती भरून आली हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"डिस्क ठणठणीत आहे," मी म्हणालो. "मग माझ्या लॅपटॉपला काय झालं?"

"थांबा," आत्या म्हणाली. तिने डिस्क बाहेर काढायचं बटण दाबलं. मशीनने ती लगेच दिली नाही. पडद्यावर एक प्रश्न आला: डिस्क बंद करायची का? बंद केल्यावर तिच्यात आणखी काही भरता येणार नाही.

"हा प्रश्न दर वेळी येतो ना रे?" तिने दादांना विचारलं. "आणि तू दर वेळी काय सांगतोस?"

"नाही सांगतो," दादा म्हणाले. "काम पुरं झाल्याशिवाय झाकण कसं लावणार?"

आत्याने मग सगळं उलगडलं, आणि मला अजूनही तिच्या आवाजातला तो संथपणा आठवतो. डिस्क घरी भरली की ती उघडी असते. ज्या मशीनने भरली त्याला आत काय आहे ते माहीत असतं, पण परक्या यंत्राला ती वाचता येत नाही, कारण आत काय कुठे आहे याची पक्की नोंद अजून झालेली नसते. ती नोंद बंद करताना होते. म्हणजे डिस्क कोणी बदलली नाही, कोणी पुसली नाही, कोणी बिघडवली नाही. एका माणसाने चाळीस वर्षं पाळलेला नियम त्याने इथेही पाळला. पंधरा दिवस झाल्याशिवाय कवच चिकटवायचं नाही आणि शाई फिरवायची नाही. यादी पेन्सिलीने, डिस्क उघडी. त्याच्या दृष्टीने हा पाय अजून गिऱ्हाइकाच्या चाचणीवर होता.

"आणि तू दुपारी तेच म्हणालास," ती भावाला म्हणाली. "अजून झालीच नव्हती. या लोकांनी ऐकून सोडून दिलं. पण अकरा माणसं झाली, दोन्ही दिवस झाले. मग उरलं काय? बारा कोण?"

आत्याने त्या प्रश्नाला "नाही" दाबून डिस्क पुन्हा चालू केली आणि अकरावा माणूस संपल्यावर बटण न दाबता तशीच पुढे जाऊ दिली.

पडदा काळा झाला. मग कारखान्याचं अंगण दिसलं. बसमध्ये तिकिटं देणारी बाई, जिला आम्ही कंडक्टरबाई म्हणतो, नव्या पायावर पहिलं पाऊल टाकत होती. तिच्यासमोर जमिनीवर माझी बायको उकिडवी बसली होती, दोन्ही हात पुढे धरून, पण न पकडता. कॅमेरा खिडकीतून लावलेला होता, तिच्या नकळत. आणि अख्ख्या डिस्कवर पहिल्यांदाच आवाज होता. कॅमेऱ्यामागून, हळू, दादांचा.

"हा पाय तिने केलाय. साचा, वाटी, पट्टा, सगळं. मी हात लावलेला नाही." मग बराच वेळ फक्त पावलांचा आवाज आला. "मला इतका चांगला जमला नसता."

बायकोने तोंडावर हात ठेवला.

७

"अकरा माझे होते," दादा शेवटी म्हणाले, टीव्हीकडे बघतच. "माझे पाय दाखवून तुला जागा कशी मिळणार? त्यांनी मलाच बोलावलं असतं. तुझा एक तरी पाहिजे होता. तिचा पंधरावा दिवस उद्या आहे."

म्हणून आकडा होता आणि पुढे काही नव्हतं. सोमवारी सकाळी आठ वाजता कंडक्टरबाईंचं चालणं टिपायचं, मशीनवर उतरवायचं, यादी शाईने पुरी करायची आणि डिस्क मुलीच्या हातात ठेवायची, असा त्यांचा बेत होता. कोणालाही न सांगता, कारण सांगायची त्यांना सवय नाही. आणि डिस्क बंद केली नाही तर केंद्रातल्या यंत्रावर ती रिकामीच दिसणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाय गिऱ्हाइकाच्या घरी उघडा असला तरी चालतो. डिस्क चालत नाही.

"म्हणजे जावईबुवांनी कपाट उघडलं नसतं, तर उद्या तिथे मान खाली घालायची वेळ आली असती," आत्या म्हणाली. दादांनी माझ्याकडे पाहिलं. माफी मागायच्या ते इतक्या जवळ आले होते की मीच घाईघाईने चहाचे कप उचलले.

सोमवारी आठ वाजता कंडक्टरबाई आल्या, गणवेशात, कारण त्यांची दहाची पाळी होती. त्या फाटकापासून कारखान्यापर्यंत चालत आल्या, परत गेल्या आणि तिसऱ्यांदा येताना जरा धावल्या. कॅमेरा या वेळी मेहुण्याने धरला होता. टाचणीकाकांनी बाईंच्या पट्ट्याची शिलाई एकदा तपासली आणि टाचण्यांसकट मान डोलावली. मग बायकोने कवच चिकटवलं, पंधराव्या दिवशी, नियमाप्रमाणे.

डिस्कवर चित्र उतरलं तेव्हा जेमतेम दोन मिनिटांची जागा उरली. पडद्यावर तो प्रश्न आला. बायकोने रिमोट दादांपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"ज्याने पाय केला त्यानेच," ते म्हणाले.

तिने होय दाबलं. मशीन बराच वेळ फिरत राहिलं. तेवढ्यात दादांनी खिशातून पेन काढलं आणि कव्हरवरच्या अकरा ओळींवर एकेक करून शाई फिरवली. बाराव्या ओळीवर त्यांनी लिहिलं, कंडक्टरबाई, आणि पुढे जे इतर कुठल्याच ओळीत नव्हतं ते, करणारीचं नाव.

अकरा वाजता केंद्रातल्या मोठ्या टेबलाभोवती पाच जण बसले होते. बायको आणि दादा त्यांच्यासमोर होते, मी दाराशी उभा होतो आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या लॅपटॉपकडे होतं. डिस्क आत गेली. यंत्र घुरघुरलं. मग पाववाला चालायला लागला आणि मी कालपासून रोखून धरलेला श्वास सोडला. बारावा पाय लागला तेव्हा त्यांच्यातल्या वरिष्ठ डॉक्टरबाई पुढे झुकल्या, आणि दादांचा आवाज खोलीभर ऐकू आला. मला इतका चांगला जमला नसता. त्यांनी वळून दादांकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, आणि विचारलं, तुम्ही पहिल्यापासून येऊ शकाल का? पहिल्यापासून म्हणजे पहिल्या तारखेपासून.

आम्ही घरी परत निघालो. बायको म्हणाली, दादा, ते तुम्ही खरंच म्हणालात?

"जुनं मशीन आहे," दादा म्हणाले. "आवाज नीट पकडत नाही. काहीतरी भलतंच ऐकू येतं."

ती हसली आणि तिने पर्समधली डिस्क काढून माझ्याकडे दिली, सांभाळ म्हणून. मी ती उजेडात पालथी धरली. आता गडद रंग जवळजवळ कडेला टेकला होता. तिच्यावर एकदाच लिहिता येतं आणि लिहिलेलं पुसता येत नाही, हे आत्याने मला खोक्यावरून वाचायला लावलं होतं, आणि आता तर ती बंदही झाली होती. दादांनी म्हटलेलं त्यांनाही परत घेता येणार नव्हतं.